ऋषी, तिला सांग

ऋषीने चष्मा कपाळावर चढवला, डावा खांदा जरासा पाडला, खिशातून नसलेला रुमाल काढून प्लॅस्टिकची खुर्ची हलक्या हाताने झटकली, किडामुंगी असली तर चिरडू नये म्हणून, आणि माझे वडील खुर्चीवर बसले. त्यांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. आळेफाट्याच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा हॉल होता तो. एरवी तिथे साखरपुडे होतात. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी नावातली थर्माकोलची अक्षरं अजून चिकटून होती. खाली नाशिककडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि वर पप्पा बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत. आमची माणसं हसायला लागली. मीही हसले. हसणं हेच त्या दिवसाचं काम होतं. त्यासाठी तर दुकानाला कुलूप लावून सगळ्यांना इथवर आणलं होतं.

हे सगळं पीयूषचं डोकं. पीयूष माझा धाकटा भाऊ. तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि तिथे जे काही नवीन निघतं ते मंचरला लागू पडतं अशी त्याची श्रद्धा आहे. मंचरला आमचं ठिबक, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा त्याच गाळ्यात दोर आणि बादल्या मिळायच्या, एवढाच काय तो फरक. पप्पा गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, म्हणजे चावी आली. माणसं आली नाहीत. ती भांडत नव्हती, कामचुकारपणा करत नव्हती, फक्त माझ्याशी थेट बोलत नव्हती. गोदामातला सगळ्यांत जुना माणूस हौशीराम माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर उभा राहून दुकानाचा हिशेब बघणाऱ्या ऋषीला म्हणायचा, ताईंना इचार, खोकी वर चढवू का. मी ऋषीला सांगायचे, चढवा म्हणावं. ऋषी त्याला सांगायचा, आणि मग हौशीराम मान हलवून जायचा. कंपनीचा नवा सेल्समन हे बघून गेला तेव्हा त्याला वाटलं मला कमी ऐकू येतं. पुढच्या खेपेला तो माझ्या कानाशी ओरडला. मी ही गंमत म्हणून पीयूषला फोनवर सांगितली, तर तो एकदम गंभीर झाला. दीदी, हा लीडरशिपचा प्रश्न आहे म्हणाला, आणि मोहिनीला पाठवून मोकळा झाला.

मोहिनी नाटकात कामं करते आणि उरलेल्या दिवसांत कंपन्यांतल्या साहेबलोकांना नाटक आणि विनोद यांतून नेतृत्व शिकवते. बाई मनाने चांगली. सकाळी येताना नारायणगावला रस्त्याकडेला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या तिला दिसल्या, तर गाडी थांबवून उतरलीच. गावोगावचे कारभारी जत्रेसाठी तिथे येतात आणि सुपारी देऊन फड ठरवतात, हे तिला ऋषीने समजावलं. ऋषी निरगुडसरचा. गावच्या जत्रेत सोंगाड्याच्या नकला करून त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना हसवलेलं आहे. मोहिनीने त्याला पाहिलं आणि तिथेच ओळखलं, हा आपल्या जातीचा. मग हॉलमध्ये तिने आम्हाला गोलात उभं केलं आणि नियम सांगितला. समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही. ‘हो’ म्हणायचं आणि आपलं काहीतरी घालून पुढे न्यायचं. ऋतिक म्हणून आमचा मोटार दुरुस्त करणारा आहे, त्याने हौशीरामला सुरुवात करून दिली, गोदामात बिबट्या शिरलाय. हौशीरामने ‘हो, आणि’ म्हणायचं होतं. तो म्हणाला, कवा, आणि दार कुनी उघडं ठेवलं? जुन्नर-आंबेगावात बिबट्या हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही, हे मोहिनीला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी सगळे मोकळं हसले आणि हौशीराम पहिल्यांदाच, ऋषीला मध्ये न घालता, माझ्याकडे बघून हसला. मला बरं वाटलं. वाटलं, पीयूषचं कधी नव्हे ते खरं होतंय.

त्यानंतर नकलांचा खेळ निघाला. ज्याला स्वतःवर हसू देता येतं त्याच्यामागे माणसं जातात, असं मोहिनी म्हणाली, आणि आपापल्या साहेबाची नक्कल करायला सांगितली. साहेब म्हणजे मी. कुणी पुढे येईना. मागून कुणीतरी पुटपुटलं, ताईंची काय नक्कल करायची, ताई बोलतच न्हाईत. तेव्हा ऋषी म्हणाला, थोरल्या शेठची करू का? मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. पप्पा गेलेले तिला ठाऊक होतं. मी मान हलवली. नाकारायचं नाही असा नियम होता, आणि खरं सांगायचं तर मला हाव सुटली होती. पप्पांचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. फोनमध्ये त्यांचे फोटो आहेत, एका लग्नातलं चालतानाचं चित्रीकरण आहे, पण त्यात वरून बँड वाजतोय. आवाज विसरत चालला होता, आणि विसरत चाललाय हे रोज नव्याने कळत होतं. म्हणून मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले.

आणि तो आवाज आला. दाणेदार, घशाशी थोडा अडकणारा, शब्दाच्या शेवटी मारवाडी हेल. ऋषी, तिला सांग, पंखा कमी कर म्हणावं. ऋषीने टुणकन उडी मारली, चष्मा खाली, खांदा वर, आता तो ऋषी. ताई, शेठ म्हणत्यात पंखा कमी करा. परत उडी. शेठ, ताई म्हणत्यात पंखा एकवरच हाये. मग पप्पा, छताकडे बघत, जरा विचार करून: ऋषी, तिला सांग, एकच्या खाली कर म्हणावं. हे शेवटचं वाक्य ऋषीच्या आधी हॉलमधल्या सगळ्यांनी म्हटलं. एका सुरात, आरतीचं धृपद म्हणावं तसं. मी हसतच होते आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की ही नक्कल नवी नाही. ही त्यांना पाठ आहे. समोरच्या टपरीवर, गोदामात पाइप उतरवताना, टेम्पोत, ती कितीदा तरी झालेली आहे. माझ्या आयुष्यात जे सगळ्यांत दुखणारं होतं ते यांचं सगळ्यांत हमखास हसवणारं होतं. राग यायला हवा होता. आला नाही. फक्त तोंड हसत राहिलं आणि ते बंद कसं करायचं ते कळेना.

नगरचं सासर सोडून मी परत आले तेव्हा पप्पांनी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. समाजातल्या चार माणसांसमोर त्यांनी माझ्या सासऱ्यांना शब्द दिला होता की दिवाळीनंतर मुलगी नांदायला येईल. दिवाळी झाली. मी गेले नाही. का गेले नाही हे मी मम्मीला सांगितलं, मम्मीने पप्पांना सांगितलं असणार, आणि त्यांना ते पटलंही असणार, कारण परत पाठवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण शब्द मोडला तो मोडलाच. एका सकाळी ताटावर बसले असताना ते मम्मीला म्हणाले, उगम, हिला सांग, उद्यापासून दुकानात यायचं. मी समोरच होते, त्यांच्या ताटात फुलका वाढत होते. मम्मी म्हणाली, अहो, ती इथंच आहे. त्यांनी फुलका मोडला. घरात मम्मी आणि दुकानात ऋषी, असं ते चालू झालं. त्यांनी मला स्वतःशेजारचं टेबल दिलं, मध्ये फक्त एक काच. मोटारींच्या कंपन्यांचे लोक आले की मला आत बोलावून घ्यायचे, ऋषीकरवी. कोणत्या जमिनीला कोणता पाइप, कोणता शेतकरी शब्दाचा पक्का, कुणाच्या उधारीसाठी उन्हाळाभर थांबायचं, सगळं शिकवलं. धंदा हाताला धरून शिकवला, फक्त हात कधी धरला नाही. सुरुवातीला मी ऋषीला मध्ये घेतलं नाही. सरळ उत्तर द्यायचे. पप्पा ऐकायचे, आणि ऋषीकडे बघून थांबायचे, तो सांगेपर्यंत. ऋषी माझंच वाक्य त्यांना पुन्हा सांगायचा आणि समोर हात बांधून उत्तरासाठी उभा राहायचा. मग मीही शिकले. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते काही उगाच नाही.

त्यात एक गोष्ट होती जिच्यावर मी ती वर्षं काढली. दुपारी ऋषी निरोप घेऊन यायचा आणि निरोपाच्या शेपटीला काहीतरी असायचं. शेठ म्हणत्यात, त्या पार्टीला बारीक पाइप देऊ नका, माती भारी हाये. आणि जेवून घ्या म्हणत्यात. किंवा, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणत्यात, डबा परत नेऊ नका. घरात आम्ही मारवाडीत बोलतो, पप्पा ‘जीम ले’ म्हणाले असतील, ऋषी त्याचं आपल्या भाषेत करून आणतो, असं मी धरून चालले होते. मी काचेच्या पलीकडे पप्पांकडे बघायचे. ते गिऱ्हाइकाशी बोलत असायचे. मी डबा उघडायचे आणि शेवटच्या घासापर्यंत खायचे, भूक असो नसो, कारण ते जेवण नव्हतं, ते बोलणं होतं. पप्पा गेल्यावर मी मम्मीला एकदा म्हटलं, पप्पा रोज विचारायचे मला, जेवलीस का म्हणून. मम्मी फुलके लाटत होती. असं? म्हणाली, आणि लाटत राहिली.

हॉलमध्ये आता संवत्सरी चालली होती. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आम्हा जैनांत सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात मनाने, वाणीने, देहाने दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पप्पा ते घरातल्यांपुरतं ठेवत नसत. हमालापासून दारात आलेल्या शेतकऱ्यापर्यंत एकेकासमोर हात जोडून उभे राहायचे. हौशीराम पहिल्यांदा घाबरला होता म्हणे, शेठनी कामावरून काढलं असं वाटून. ऋषी आता हॉलमध्ये तसाच फिरत होता, प्रत्येकापुढे वाकत, आणि माणसं हसत त्याला मिच्छामि दुक्कडम् म्हणत होती. तो माझ्यासमोर आला. थांबला. हात माझ्याकडे जोडलेले, नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. ऋषी, तिलाही सांग. अगदी असंच व्हायचं. दर वर्षी. दुकानात माझ्या मागे कॅलेंडर होतं, ते कॅलेंडर बघायचे. आणि हात मात्र माझ्याकडे असायचे. मी दर वर्षी ऋषीला म्हणायचे, त्यांना सांग, माझंही. आता सवयीने माझ्या तोंडून तेच निघालं: त्यांना सांग, माझंही. हॉल गडगडाटाने हसला. मोहिनीने टाळ्या वाजवल्या. बघा, ताई खेळात आल्या, म्हणाली. माझे हात खरोखर जोडलेले होते आणि मी ते खाली घेतले नव्हते, हे फक्त ऋषीला दिसलं असावं, कारण त्याचा खांदा तेवढ्यात जरा वर आला.

मोहिनीला वाटलं हीच वेळ आहे. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, ऋषी, खुर्चीवर बस, आणि ताई, तुम्ही समोर या. वडिलांना एक प्रश्न विचारा. थेट. आज मध्ये कुणी नाही. ऋषी बसला, पण खुर्चीच्या कडेला. मॅडम, ऱ्हाऊ द्या, तो म्हणाला. नाकारायचं नाही, ती हसून म्हणाली. मी उठले. पायांखाली हॉटेलच्या भटारखान्यातला एक्झॉस्ट घुमत होता, फरशीतून तळव्यांना लागत होता. मला त्या खुर्चीवर ऋषी दिसत होता आणि पप्पाही दिसत होते आणि दोघांत निवड करायची नाही असं मी ठरवून टाकलं. वर्षभर माझ्याजवळ एकच प्रश्न होता. तो कुणाला विचारायचा ते कळत नव्हतं.

पप्पांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा वाचाच गेली. पुण्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि समोर मी होते. पलंगाला अगदी लागून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरून नाही, माझ्याकडे, आणि ओठ हलवले. घशातून काहीतरी घर्रर्र आलं. पुन्हा हलवले. काही कळेना. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या ऋषीवर गेली. तिथे थांबली. पीयूष, नर्स आणि मी, आम्ही सगळेच ऋषीकडे बघायला लागलो, काय म्हणतायत म्हणून. ऋषी म्हणाला, शेठ पानी म्हणत्यात. नर्सने ओल्या कापसाने ओठ भिजवले. पप्पांनी ओठ मिटले आणि मान वळवली. त्यानंतर ते बोलायला गेले नाहीत. खिडकीबाहेर दिवस मावळून गेलेला होता. मला ते नंतर, अंत्यविधी उरकल्यावर, आंघोळ करताना आठवलं. पप्पांनी जन्मात कधी दिवस मावळल्यावर पाणी मागितलं नव्हतं. तापाने फणफणलेले असतानाही नाही. तोंडात घालू दिलं नव्हतं. मग ते काय होतं? जीम ले होतं का? मिच्छामि दुक्कडम् होतं का? माझं नाव होतं का?

मी म्हटलं, ‘पप्पा, त्या दिवशी तुम्ही पाणी मागितलं नव्हतं. काय म्हणत होतात?’

लोक हसले, सवयीने, आणि मग थांबले. खुर्चीवरच्या माणसाने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्या आवाजात काहीही आलं असतं तरी मी घेतलं असतं, खोटं असलं तरी, ही माझी अवस्था होती. पण आवाज आला नाही. कसा येणार? पप्पांना माझ्याशी बोलताना ऋषीने कधी ऐकलंच नव्हतं. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, खांदा सरळ झाला, पप्पा गेले.

‘ताई, मला त्या दिवशी काय कळलं न्हवतं,’ तो म्हणाला. ‘समदे माझ्याकडं बघत व्हते. काय तरी सांगाया पायजे व्हतं. म्हून पानी म्हणलो.’

मोहिनी पुढे यायला निघाली आणि मध्येच थांबली. मला वाटलं मी आता बसावं. पण मला मम्मीचं ते ‘असं?’ ऐकू आलं, पोळपाटावर लाटणं फिरत असतानाचं, आणि मी उभी राहिले. कधी कधी माणसाला आपला हात कुठे जातोय ते कळत असतं आणि तरी तो मागे घेता येत नाही.

‘आणि जेवून घ्या म्हणायचे ते?’

ऋषीने हौशीरामकडे पाहिलं, जणू त्याच्याकरवी सांगता आलं तर बघावं. हौशीराम खाली बघत होता. त्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, माझ्या तेव्हा ध्यानात आलं, जसा तो पंखा सगळ्यांना पाठ होता.

‘ते मीच घालायचो,’ ऋषी म्हणाला. ‘तुमी आल्या तवा डबा तसाच घरी न्यायच्या. लई वाळल्या व्हत्या तुमी. मी म्हणलो असतो तर खाल्लं नसतं. शेठचं नाव सांगितलं की खायच्या. शेठ तेवढं न्हाई म्हणले कधी. बाकी समदं शेठचंच व्हतं, ताई. पायपाचं, मोटरचं, समदं.’

पाइपाचं, मोटारीचं सगळं. मला खूप रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी त्या सगळ्या दुपारी पुन्हा बघत होते. काच, पलीकडे गिऱ्हाइकाशी बोलणारे पप्पा, अलीकडे डबा, शेवटच्या घासापर्यंत चावणारी मी. त्या दुपारींतून पप्पांना काढून घेतलं तर काय उरत होतं? निरगुडसरचा एक माणूस, जो दुसऱ्याच्या आवाजात मला जेवायला घालत होता. ते कमी नव्हतं. ते कमी नव्हतं हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, आणि तरी माझे वडील माझ्याकडून दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी शेवटचा शब्दसुद्धा घेऊन गेले होते. मोहिनी हळूच म्हणाली, ताई, थांबूया आपण. मी नको म्हटलं. ऋषी खुर्चीवरून उठून बाजूला झाला होता, मान खाली घालून, हिशेबात चूक सापडल्यावर उभा राहायचा तसा. खुर्ची रिकामी होती. समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही.

‘ऋषी,’ मी म्हटलं, ‘त्यांना सांग, जेवले म्हणावं.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो वळला, एक पाऊल मागे सरला, इतकी वर्षं पप्पांच्या टेबलासमोर उभा राहायचा तसे हात समोर बांधले आणि त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला, स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाला, ‘शेठ, ताई म्हणत्यात, जेवल्या.’ आणि सवयीप्रमाणे उत्तरासाठी थांबला. खाली गाड्या जात होत्या. आम्हीही सगळे थांबलो.